चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आतड्याच्या ऑपरेशननंतरची केमो झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातल्या एका गृहस्थांच्या आईंचं वय ७४. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातल्या कर्करोगाचं त्यांचं ऑपरेशन पाच आठवड्यांपूर्वी नाशिकला झालं. बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टमध्ये टी-३ (गाठ आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली), तपासलेल्या १८ लिम्फ नोडपैकी (आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींपैकी) २ मध्ये कर्करोग, म्हणजे तिसरी स्टेज. वजन ४६ किलो, उंची १५० सेंटिमीटर, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.०. बारा वर्षांचा मधुमेह आहे, पायांना मुंग्या येतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी केमो सुचवली आहे. घरातले ज्येष्ठ म्हणतात, या वयात कशाला हाल करायचे. आईंना 'गाठ होती, ती काढली' एवढंच सांगितलेलं आहे.

आधी सरळ उत्तर. झेपण्याची शक्यता चांगली आहे. मात्र औषध एकच हवं, डोस त्यांच्या किडनीच्या मापाने कमी करून हवा आणि त्रास सुरू झाला की त्याच दिवशी गोळ्या थांबवणारं माणूस घरात हवं. यातली एक गोष्ट नसेल तर केमो न देणं हाही योग्य वैद्यकीय निर्णय ठरतो. वय ७४ आहे, एवढ्यावरून मात्र हो किंवा नाही ठरत नाही.

फायदा किती, हे आकड्यांत समजून घ्या, म्हणजे घरातली चर्चा नीट होईल. २००१ साली सात जुन्या चाचण्यांमधल्या ३,३५१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सगळ्यांची ऑपरेशनं झालेली, निम्म्यांच्या आसपास लोकांना नंतर फ्लोरोयुरॅसिल (५-एफयू) गटाची केमो दिलेली. पाच वर्षांनी आजार न उलटलेले रुग्ण केमोशिवाय ५८ टक्के होते, केमो घेतलेल्यांत ६९ टक्के. जिवंत असलेले ६४ च्या जागी ७१ टक्के. सत्तरीपुढच्यांना हा फायदा तरुणांइतकाच मिळाला होता. शंभर रुग्ण धरले तर अठ्ठावन्न जण नुसत्या ऑपरेशनने बरे राहिले असते, एकतीस जणांचा आजार केमो घेऊनही उलटला असता, आणि मधल्या अकरा जणांसाठी ही सगळी खटपट. तुमची आई त्या अकरांत आहे का, हे आज कोणालाही सांगता येत नाही. या चाचण्यांत दुसऱ्या स्टेजचेही रुग्ण होते आणि त्यातले वयस्कर लोक निवडक, तब्येतीने बरे असलेले होते. ऐंशीच्या पुढच्यांची माहिती तर फारच तुटपुंजी आहे. म्हणून अकराचा आकडा अंदाज म्हणून घ्या, आश्वासन म्हणून नको.

आजार उलटायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. म्हणून 'आता किती वर्षं राहिलीत' या प्रश्नाचा उपयोग इतकाच : दुसऱ्या एखाद्या आजारामुळे पुढची तीन-चार वर्षंसुद्धा अवघड दिसत असतील, म्हणजे हृदय खूप कमजोर आहे, डायलिसिस चालू आहे, स्मृतिभ्रंश वाढला आहे, तर केमोचा फायदा मिळायला वेळच उरत नाही. चालत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या चौऱ्याहत्तरीच्या बाईंना तो वेळ नक्की आहे.

आता औषध कोणतं. केमो म्हणजे एकच गोष्ट समजून लोक घाबरतात, पण इथे दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी ५-एफयू किंवा त्याचं गोळीतलं रूप, कॅपेसिटाबिन. दुसरी पायरी म्हणजे त्यात ऑक्झॅलिप्लॅटिनचं इंजेक्शन जोडणं : कॅपेसिटाबिनबरोबर दर तीन आठवड्यांनी, किंवा दर दोन आठवड्यांनी ४६ तासांच्या पंपाबरोबर, ज्यासाठी छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध मोठ्या शिरेत सोडायची छोटी डबी, बसवावा लागतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोझॅक चाचणीत ऑक्झॅलिप्लॅटिनचा फायदा दिसला, पण त्या चाचणीत ७५ पर्यंतचेच रुग्ण घेतले होते आणि सत्तरीपुढच्या गटाचा हिशोब वेगळा केला तेव्हा तो फायदा स्पष्ट उरला नाही. नंतर अनेक चाचण्या एकत्र करूनही सत्तरीनंतर ऑक्झॅलिप्लॅटिनने पडणारी भर फार थोडी, किंवा नाहीच, असं दिसलं. त्रास मात्र पूर्ण होतो. माझं स्पष्ट मत आहे की सत्तरीनंतर ऑक्झॅलिप्लॅटिन हे सवयीने लिहून देण्याचं औषध नाही. एखाद्या बाहत्तर वर्षांच्या ठणठणीत, मधुमेह नसलेल्या रुग्णाला द्यायचंच असेल तर टी-१ ते टी-३ आणि तीनपर्यंत नोड बाधित असताना तीन महिन्यांचा कोर्स पुरतो. २०१८ च्या आयडिया अभ्यासात या कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी आजारमुक्त राहिलेले तीन महिन्यांच्या कोर्सवर ८३.१ टक्के आणि सहा महिन्यांच्या कोर्सवर ८३.३ टक्के होते. हातापायांच्या नसांना जाणवण्याइतका त्रास मात्र सहा महिन्यांत जवळजवळ निम्म्यांना झाला, तीन महिन्यांत सुमारे सहापैकी एकाला.

तुमच्या आईंच्या पायांना आधीच मुंग्या आहेत. ऑक्झॅलिप्लॅटिन नेमकं त्याच नसांवर बसतं, आणि औषध बंद केल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो. साडीची पिन लागत नाही, कुलपात किल्ली जात नाही, अंधारात पायाखालची पायरी कळत नाही. वयस्कर माणसाची पडझड आणि खुब्याचं हाड यांचा विचार केला तर हा किरकोळ दुष्परिणाम नव्हे. शिवाय थंड वस्तूचा स्पर्श सहन होत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्यांपैकी असतो. पहाटे हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटांत विजेसारखी कळ येते आणि गार हवेचा श्वास घेतला की घसा आवळल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी ऑक्झॅलिप्लॅटिन नको, असंच मी म्हणेन. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे.

तो अपवाद एमएमआर तपासणीचा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावर एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या चार प्रथिनांची तपासणी होते. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम, त्यालाच एमएमआर म्हणतात. उजव्या बाजूचा आजार असलेल्या वयस्कर बायकांमध्ये यातली प्रथिनं गायब असण्याचं प्रमाण बऱ्यापैकी असतं. दुसऱ्या स्टेजमध्ये असा रिपोर्ट आला तर ५-एफयू गटाच्या केमोचा उपयोग नसतो आणि ती टाळता येते. तिसऱ्या स्टेजमध्ये असं निघालं तर नुसत्या कॅपेसिटाबिनचा फायदा शंकास्पद होतो, ऑक्झॅलिप्लॅटिनचा प्रश्न पुन्हा उघडतो, आणि इम्युनोथेरपीबद्दलही, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणाऱ्या औषधांबद्दलही, बोलावं लागतं. केमोला इम्युनोथेरपी जोडल्याचे चांगले निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत, पण खर्च प्रचंड आहे. हा रिपोर्ट तुम्ही पाठवलेल्या कागदांत नाही. ऑपरेशन झालेल्या ठिकाणी पॅथॉलॉजीकडे मेणाचे ब्लॉक जपून ठेवलेले असतात. ते मागून ही तपासणी लगेच करून घ्या. हिच्याशिवाय पहिली गोळी सुरू करू नये. काही प्रकारांत हा दोष आनुवंशिक असतो, तेव्हा तुम्हा भावंडांचीही तपासणी लागू शकते.

समजा चारही प्रथिनं शाबूत आहेत. मग कॅपेसिटाबिन, आणि इथे सगळा खेळ किडनीचा. क्रिएटिनिन १.० म्हणजे नॉर्मल, असं लॅबच्या कागदावर छापलेलं असतं. सोबतचा ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा आकडा, साठच्या आसपास दिसेल. दोन्ही आकडे तुमच्या आईंच्या बाबतीत फसवे आहेत, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि ४६ किलोच्या वृद्ध बाईंच्या अंगात स्नायू थोडेच असतात. डोससाठी किडनीच्या कामाचा अंदाज वय आणि वजन धरून देणारं जुनं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरतात : १४० मधून वय वजा करा, ६६ उरले. त्याला वजनाने गुणा, ३,०३६. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, ४२. बाईंसाठी ०.८५ ने गुणा, सुमारे ३६. कॅपेसिटाबिनचा नियम असा की हा आकडा ३० ते ५० मध्ये असेल तर डोस तीनचतुर्थांश करायचा आणि ३० च्या खाली असेल तर औषध द्यायचंच नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टवाल्या या बाई प्रत्यक्षात सीमेपासून सहाच अंकांवर उभ्या आहेत. वृद्धांना केमो झेपली नाही असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा बऱ्याचदा हे गणित केलेलं नसतं.

पूर्ण डोस म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १,२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आईंचा पृष्ठभाग सुमारे १.३८ चौरस मीटर, म्हणजे एका वेळी साधारण १,७०० मिलिग्रॅम, दिवसाला जवळपास साडेतीन हजार. किडनीसाठी तीनचतुर्थांश केला तर एका वेळी १,३०० च्या आसपास. या वयात बरेच तज्ज्ञ मुळातच १,००० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरपासून सुरुवात करतात. त्याचा तीनचतुर्थांश धरला तर एका वेळी १,०००, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी. मी पहिल्या फेरीला हाच डोस पसंत करतो. तीन आठवडे नीट गेले तर वाढवता येतो. उलट वाट, म्हणजे पूर्ण डोसने सुरुवात करून आयसीयूत पोहोचणं आणि मग केमोच बंद पडणं, वृद्धांत फार महाग पडते. अंतिम डोस अर्थातच समोर तपासणारे डॉक्टर ठरवतील. हे गणित त्यांच्यासमोर मांडून बोला.

कोर्स असा : चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या, सुमारे सहा महिने. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, दोन डोसांत साधारण बारा तासांचं अंतर. एखादा डोस राहिला तर राहू द्या, पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून देऊ नका. उपासाचा विषय आधीच मिटवा. एकादशी, संकष्टी, नवरात्र यात गोळ्या रिकाम्या पोटी जातात, पाणी कमी होतं, साखर खाली जाते. चौदा दिवसांच्या आत उपास नाही, हे आईंना आधी पटवा. सात दिवसांच्या सुट्टीतलाही डॉक्टरांना विचारून.

त्यांच्या चालू औषधांची पिशवी अख्खी उलटी करून बघा. तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, रक्तवाढीची गोळी. उजव्या बाजूच्या गाठीतून हळूहळू रक्त जात असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोहाची गोळी चालू असते. आपल्याकडच्या बहुतेक लोहाच्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड मिसळलेलं असतं. फॉलिक अ‍ॅसिडमुळे कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढतात. जुलाब आणि तोंड येणं कशामुळे वाढलं ते कळत नाही, आणि कारण त्या लाल गोळीत असतं. लोह द्यायचंच असेल तर शिरेतून देता येतं. वृद्धांत तेच बरं, बद्धकोष्ठही होत नाही. मल्टिव्हिटॅमिन आणि बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटांवरचा मजकूरही वाचा. दुसरी, गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीचा आकडा ३६ वरून ३० च्या खाली सहज नेतात, आणि मग कॅपेसिटाबिन अंगात साचतं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही ताप मोजल्यावर. तिसरी, वॉर्फरिन किंवा फेनिटॉइन : रक्त पातळ करणारी आणि फिटची ही औषधं कॅपेसिटाबिनबरोबर धोकादायक पातळीला जाऊ शकतात. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर तेही सांगा, ते केमोचा गुण कमी करू शकतं. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, कोणी दिलेली पुडी, हे सगळं सहा महिने बाजूला ठेवा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये केल्या आहेत, आणि कावीळ दिसली की केमोवर संशय जाऊन तीच बंद होते.

केमोआधी तब्येतीचा अंदाज घेण्यासाठी जी-८ नावाची आठ प्रश्नांची चाचणी असते. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर अधिक सखोल तपासणी करायची. कार्ग नावाचा दुसरा हिशोब गंभीर दुष्परिणामांचा धोका सांगतो, आणि त्यात काय विचारतात ते पाहण्यासारखं आहे : गेल्या सहा महिन्यांत पडलात का, ऐकू कमी येतं का, गोळ्या घ्यायला दुसऱ्याची मदत लागते का, गल्लीच्या टोकापर्यंत चालता येतं का, लोकांत मिसळणं कमी झालं का. या प्रश्नांची उत्तरं घरच्यांनाच ठाऊक असतात. चार मीटर अंतर आखून आईंना नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी आहे. ऑपरेशनपासून वजन किती उतरलं ते लिहा. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारा. हे सगळं करून केमो बहुधा रद्द होत नाही. प्रथिनं वाढवणं, फिजिओथेरपी, चष्मा, नको असलेली औषधं कमी करणं अशी दुरुस्ती होते. २०२१ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, सत्तरीपुढच्या आणि पसरलेला आजार असलेल्या रुग्णांत, डॉक्टरांच्या हाती अशी तपासणी दिल्यावर गंभीर दुष्परिणाम ७१ वरून ५१ टक्क्यांवर आले. तो आजार वेगळ्या टप्प्याचा होता, पण शरीर याच वयाचं होतं.

आता काय बिघडतं, आणि घरात काय करायचं. सर्वांत आधी जुलाब, कारण वृद्धांत जीव जातो तो बहुधा इथूनच. क्रम ठरलेला आहे : जुलाब, पाणी कमी, किडनी मंद, औषध अंगात साचतं, त्याने जुलाब आणखी वाढतात, पांढऱ्या पेशी खाली येतात, त्यात जंतुसंसर्ग. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस खाटेवर येतो. हे चक्र तोडण्याचा एकच खात्रीचा उपाय, पहिल्या दिवशी गोळ्या थांबवणं. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा संडासला जावं लागलं, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, की पुढची कॅपेसिटाबिन घ्यायची नाही आणि फोन करायचा. दिवसभर उलट्या, तोंडात जेवता येणार नाही असे फोड, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, यांपैकी काहीही झालं तरी हाच नियम. दोन-तीन दिवस गोळ्या थांबल्याने कर्करोग परत येत नाही. थांबवण्याची भीती बाळगून चालू ठेवलेल्या गोळ्या मात्र घात करतात. 'महागाची गोळी वाया जाईल' म्हणून घेत राहणारी वडीलधारी माणसं घरोघर आहेत, म्हणून हे आधीच बोलून ठेवा.

ताप आणि शौचात रक्त नसेल तर लोपेरामाइडच्या २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसात आठच्या वर नाही. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक लिटरची पुडी, घोटघोट दिवसभर. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, केळं. दूध आणि तिखट-तेलकट काही दिवस बंद. जुलाब चालू असताना मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किडनीवर आणखी ताण आणतात किंवा त्या दिवसांत धोक्याच्या ठरतात. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण झालं नाही तर साखर घसरते. यातली कोणती गोळी आजारपणात थांबवायची, हे केमो सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा.

गावात त्रास झाला की पहिली धाव जवळच्या दवाखान्याकडे असते, आणि सलाईन वेळेवर मिळण्यासाठी ते बरंच आहे. फक्त तिथल्या डॉक्टरांना केमोच्या गोळ्या चालू आहेत हे माहीत हवं. एक चिठ्ठी तयार ठेवा : औषधाचं नाव, डोस, फेरीचा कितवा दिवस, किडनीचा आकडा, 'वेदनाशामक इंजेक्शन देऊ नये', आणि नाशिकच्या केमो विभागाचा फोन. ताप आला असेल तर गावात थांबू नका. रक्ततपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिकसाठी तडक निघायचं, रात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं हा या आजारातला फार मोठा धोका.

काही लोकांच्या यकृतात डीपीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं आणि त्यांना नेहमीचा डोससुद्धा विषासारखा बाधतो. जनुकतपासणी उपलब्ध आहे, पण ती मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेल्या बदलांवर बेतलेली असल्यामुळे आपल्याकडे ती नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत आठव्या-दहाव्या दिवशी भेट किंवा निदान रक्ताची तपासणी आणि फोन, हे ठरवूनच टाका. पहिल्याच फेरीत तोंड, पोट आणि पेशी तिन्ही एकदम बिघडल्या तर औषध कायमचं बंद करण्याचा विचार होतो. छातीत दुखण्याबद्दलही तेच : या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात, बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच, गॅस झाला असेल म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून तळहात-तळपाय लाल होतात, चुणचुणतात, सोलतात. १० टक्के युरियाचं मलम दिवसातून दोन-तीनदा, पहिल्या दिवसापासून. दिल्लीच्या एम्समधल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायक्लोफेनॅकचं १ टक्क्याचं जेल दोनदा लावल्याने मध्यम ते तीव्र त्रास १५ वरून ३.८ टक्क्यांवर आला. जेल कातडीतून फार थोडं आत जातं, त्यामुळे गोळीसारखा किडनीला धोका नाही. तरी किडनीचा आकडा सीमेजवळ असल्यामुळे डॉक्टरांना विचारूनच लावा. घरकामाचं बोलायचं तर भाकरी थापणं बंद. हाताच्या तळव्यावर दाब, घर्षण आणि तव्याची आच या तिन्ही गोष्टी हा त्रास वाढवतात. गरम पाण्यात भांडी, द्राक्षाच्या विरळणीचं काम, अनवाणी मळ्यात जाणं, घट्ट जोडवी, हेही सहा महिने नको. मधुमेहात तळपायाला चीर पडून जखम झाली तर केमोपेक्षा तीच मोठी होऊन बसते, म्हणून रोज रात्री कोणीतरी पाय बघा. कातडी दुखू लागली, चालताना किंवा घास धरताना त्रास झाला, की गोळ्या थांबवून डोस कमी करायचा.

केसांची काळजी नको, कॅपेसिटाबिनने सहसा टक्कल पडत नाही. मळमळही सौम्य असते. फ्लू आणि न्यूमोनियाची लस केमो सुरू होण्याआधी शक्यतो दोन आठवडे घेऊन टाका. पुढच्या वर्षभरात सिंहस्थाची किंवा कुठल्याही यात्रेची गर्दी केमोच्या महिन्यांत पडत असेल तर तिथे नेऊ नका.

आता आईंना न सांगण्याबद्दल. तुमची माया समजते, पण गोळीतली केमो ही रुग्णाच्या हातातली केमो आहे. तिसऱ्यांदा संडासला गेल्यावर कोणाला सांगायचं हे ज्यांना कळायला हवं त्यांनाच, या साध्या ताकदीच्या गोळ्या आहेत असं वाटत असेल, तर त्या सुनेला उठवायला नको म्हणून रात्र काढतील. सगळे आकडे सांगायची गरज नाही. 'गाठ वाईट होती, डॉक्टरांनी पूर्ण काढली, परत येऊ नये म्हणून सहा महिने जोरदार गोळ्या आहेत. त्रास झाला की लपवायचा नाही, गोळी थांबवता येते' एवढं पुरतं. आणि हे सगळं ऐकून त्या 'मला नको' म्हणाल्या, तर तेही ऐकून घ्या. अकरा टक्क्यांसाठी सहा महिने द्यायचे की नाही, हे शेवटी त्यांनीच ठरवायचं आहे.

खर्चाचं पाहा. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्डावर ते निघतं. योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की कॅपेसिटाबिनच्या गोळ्या पॅकेजमध्ये मिळतात की फक्त दाखल झाल्यावरचा खर्च. जेनेरिक गोळ्यांचा भाव वेगवेगळ्या दुकानांत बराच वेगळा असतो. चौकशी करून घ्या. पंचाहत्तरी पूर्ण झाली की एसटीचा प्रवास मोफत आहे, तोवर अर्ध्या तिकिटात.

वेळेचं भान ठेवा. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी. प्रत्येक चार आठवड्यांच्या उशिराने फायदा घटत जातो आणि बारा आठवड्यांनंतर फारसा उरत नाही. तुमचे पाच झालेत. म्हणून याच आठवड्यात ब्लॉक मागून एमएमआर, हिमोग्राम, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, ईसीजी आणि सीईए (आतड्याच्या कर्करोगाचा माग ठेवणारी रक्ततपासणी) करून घ्या, लस द्या, औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा. टाके भरले आहेत, जेवण पूर्ववत आहे, चालणं सुरू आहे, असं असेल तर सातव्या आठवड्यात पहिली गोळी घेता येईल. जखम अजून वाहत असेल तर आठवडाभर थांबणं चांगलं. दुसऱ्या फेरीच्या आधी पुन्हा हिमोग्राम आणि क्रिएटिनिन, आणि त्या दिवशीच्या वजनावर कॉकक्रॉफ्टचा आकडा नव्याने काढून घ्या. तो ३० च्या खाली गेला असेल तर कॅपेसिटाबिन तिथेच थांबवून पुढचं पुन्हा ठरवावं लागेल.